अपुऱ्या दिवसांचे बाळ : श्वास आणि श्रवण

(मेडशी, जिल्हा वाशीम येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरावरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे बाळाला त्याचे नाव प्रथम कानात सांगण्याची रीत आहे. बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यावर वाकते, कानाशी ‘कुर्रर्र’ करते आणि मग नाव उच्चारते. नऊ महिने भरून जन्मलेल्या बाळाला हा काही पहिला आवाज नसतो. आईच्या उदरात असतानाच त्याने सुमारे तीन महिने तिचे बोलणे ऐकलेले असते. पण जे बाळ सातव्या महिन्यातच जन्माला आले, ते बाराव्या दिवशी पाळण्यात नसतेच. ते असते काचेच्या पेटीत, नाकाशी नळी लावलेले. त्याचा श्वास चालू राहावा म्हणून डॉक्टर व परिचारिका अहोरात्र झटत असतात. त्या वेळी त्याच्या कानावर काय पडत असते, आणि त्या कानाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात. म्हणजे जगातील अशा दर पाच बाळांमागे एकाहून अधिक बाळ आपल्या देशातील आहे. हा विषय मोठ्या शहरांतील रुग्णालयांचा आहे, गावाचा नाही, असे म्हणण्यास म्हणूनच जागा उरत नाही.

आपल्या भागात अजूनही एक समज ऐकू येतो, की सातव्या महिन्यातले बाळ जगते, पण आठव्या महिन्यातले जगत नाही. या समजाला कोणताही आधार नाही. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाचे बळ वाढवतो. आठव्या महिन्यातील बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातील बाळापेक्षा जास्तच असते. हा समज केवळ चुकीचा असता तर फारसे बिघडले नसते. परंतु ‘आठव्यातले आहे, काय उपयोग’ असे म्हणून वाहन बोलावण्यास उशीर होतो, तेव्हा तो घातक ठरतो.

अशा बाळाची पहिली अडचण श्वासाची. आपल्या फुप्फुसांत हवेच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून बसल्या, की ती फुगवणे कसे कठीण जाते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. फुप्फुसातील या पिशव्याही आतून ओल्या असतात. त्या चिकटू नयेत म्हणून शरीर साबणासारख्या गुणाचे एक द्रव्य तयार करते. त्यास सर्फॅक्टंट म्हणतात. ते पुरेशा प्रमाणात तयार होण्यास साधारणपणे ३४ ते ३५ वा आठवडा उजाडावा लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासागणिक चिकटलेली पिशवी नव्याने फुगवावी लागते. काही तासांतच ते थकते. श्वास जलद होतो, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो.

याचे मूळ कारण अमेरिकेतील डॉ. मेरी एलेन एव्हरी व डॉ. जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिले. कारण कळले, पण उपाय हाती यायला वेळ लागला. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २ किलो १०० ग्रॅम. त्या काळातील उत्तमोत्तम वैद्यकीय सेवा दिमतीला असूनही ते बाळ ३९ तासांनंतर दगावले. आज तेवढ्या दिवसांचे व वजनाचे बाळ जिल्हा पातळीवरील नवजात शिशु कक्षात दाखल झाले, तर ते बहुधा घरी परत जाते. साठ वर्षांत पडलेला हा फरक आहे.

हा फरक घडवणारी एक युक्ती अगदी साधी आहे. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की बाळ श्वास सोडते तेव्हाही हवेचा थोडा दाब कायम ठेवला, तर फुप्फुसातील पिशव्या मिटत नाहीत. त्यांच्या २० अत्यवस्थ बाळांपैकी १६ वाचली. या पद्धतीस सीपॅप म्हणतात. तिचा सोपा प्रकार असा : प्राणवायुमिश्रित हवा बाळाच्या नाकात सोडायची आणि श्वासाबरोबर परत येणाऱ्या हवेची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवायची. नळी पाच सेंटिमीटर बुडवली, की पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब फुप्फुसात टिकून राहतो. बाटलीत बुडबुडे येत असले, तर दाब मिळत आहे असे परिचारिकेस दुरूनच कळते. जपानमधील डॉ. तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेले सर्फॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत सोडून गुण येतो हे दाखवले. त्याही आधी, न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स यांच्या मेंढ्यांवरील प्रयोगांतून, प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात हे उमगले होते. स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले.

हे शेवटचे इंजेक्शन गावाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या, तर पुढील रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा परिचारिकेने द्यावी, अशी केंद्र शासनाची २०१४ ची मार्गदर्शक सूचना आहे. समजा, मेडशी परिसरातील एखाद्या भगिनीला ३१ व्या आठवड्यात कळा येऊ लागल्या. मेडशी अकोला-वाशीम मार्गावर वसलेले. उत्तरेस पातूरवरून अकोला, दक्षिणेस मालेगाववरून वाशीम. कोणत्याही दिशेस निघाले, तरी प्रवास आलाच. त्या प्रवासाआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबून मिळालेले इंजेक्शन बाळाच्या फुप्फुसांना जो आधार देते, तो जन्मानंतर यंत्राने मिळणे अवघड. परंतु त्यासाठी गर्भधारणा कितव्या आठवड्याची आहे हे ठाऊक असले पाहिजे. म्हणजेच शेवटच्या पाळीची तारीख माता कार्डावर अचूक लिहिलेली हवी. ‘सातवा लागला असेल’ एवढ्या माहितीवर डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत.

बाळांचा श्वास वाचवण्याच्या कामी आपल्या विदर्भाने जगाला एक धडा दिलेला आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांमध्ये गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका, हे त्या मोजून सांगू लागल्या. निरक्षर सुईणीलाही श्वास मोजता यावेत म्हणून तेथे मणी आणि वाळूचे घड्याळ यांचे एक साधे मोजणी-साधन तयार करण्यात आले होते. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांचा विचार करता, ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी ठरावीक दिवशी भेटी देते, ती पद्धत याच कामातून देशभर गेली. आज या सभेत बसलेल्या आशाताई घड्याळ लावून बाळाचे श्वास मोजतात, तेव्हा त्यांच्यामागे गडचिरोलीच्या त्या स्त्रियांचा अनुभव उभा असतो.

श्वासाचा हा इतिहास विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की जीव वाचवण्याच्या प्रत्येक साधनाला दुसरी बाजू असते, आणि ती कळायला वेळ लागतो. १९४० च्या दशकात प्रगत देशांतील रुग्णालये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ हाताने प्राणवायू देऊ लागली. बाळे वाचली. पुढे असे आढळले, की त्यांतील हजारो बाळांची दृष्टी गेली आहे. अतिरिक्त प्राणवायूमुळे डोळ्यांच्या पडद्यावरील कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडत होत्या. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ साली या संबंधाकडे लक्ष वेधले. त्यानंतर प्राणवायू मोजून देण्यास सुरुवात झाली, आणि आज अशा बाळाचे डोळे तपासणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. डोळ्यांच्या बाबतीत जी जागरूकता आली, ती कानांच्या बाबतीत अद्याप पुरेशी आलेली नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

गर्भाचा अंतर्कर्ण साधारणपणे २४ ते २५ व्या आठवड्यापासून काम करू लागतो. त्यानंतरच्या आठवड्यांत कानापासून मेंदूपर्यंतचा मज्जामार्ग बांधला जातो. उदरातील जग शांत नसते. तेथे आईच्या हृदयाचे ठोके असतात, आतड्यांची गुडगुड असते, तिचा स्वतःचा आवाज असतो. मात्र बाहेरचे कर्कश, उंच पट्टीचे आवाज तिच्या शरीरातून गाळून, मऊ होऊन पोहोचतात. गोधडीतून ऐकल्यासारखे म्हणा. नवजात बाळ इतर स्त्रीपेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करते, हे १९८० साली अमेरिकेतील डीकॅस्पर व फायफर या संशोधकांनी प्रयोगाने दाखवले. आयांना ते त्याआधीच ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची ही गोधडी एकाएकी काढून घेतली जाते. त्याऐवजी त्याच्या कानावर पडतो नळीतून वाहणाऱ्या हवेचा सूं-सूं आवाज, बुडबुड्यांची घरघर, पेटीच्या मोटरची गुणगुण आणि धोक्याच्या घंटा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९९७ साली शिफारस केली, की नवजात अतिदक्षता कक्षातील आवाज ४५ डेसिबलहून अधिक असू नये. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते, आणि दर दहा डेसिबलला आवाजाची शक्ती दसपट होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती कडक आहे ते कळेल. प्रत्यक्षात बहुतेक कक्षांत ती ओलांडली जाते. पेटीची झडप आदळली किंवा पेटीच्या छतावर औषधाची बाटली ठेवली, तर आत क्षणभर ८० डेसिबलच्याही वरचा दणका बसू शकतो. अशा दणक्याने बाळ दचकते, हृदयाची गती बदलते, रक्तातील प्राणवायू घसरतो. म्हणजे ज्या श्वासासाठी एवढा खटाटोप, तोच काही क्षण बिघडतो. झोपही मोडते, आणि या वयात मेंदूची घडण मुख्यतः झोपेतच होत असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नुसत्या कक्षातील आवाजामुळे बाळ बहिरे होते, असे सिद्ध झालेले नाही. सीपॅपच्या आवाजाची भीती बाळगून कोणी ते यंत्र नाकारील, तर बाळाच्या जिवाशी खेळ होईल. श्वास प्रथम, यात दुमत नाही. मात्र कानाला धोका पोहोचवणाऱ्या अनेक गोष्टी अशा बाळाच्या वाट्याला एकाच वेळी येतात. जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनसारखे औषध द्यावे लागते. या औषधाने असंख्य बालके वाचली आहेत. गडचिरोलीच्या प्रयोगातही ते वापरले गेले होते. परंतु त्याचे प्रमाण शरीरात वाढले, तर अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. औषधासोबत मोठा आवाजही असेल, तर हानी वाढते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. तीव्र कावीळ श्रवणाच्या मज्जातंतूवर आघात करते. प्राणवायूची कमतरता, मेंदूज्वर, दीर्घकाळ कृत्रिम श्वसन, ही कारणे आहेतच. सर्वसाधारण बाळांत दर हजारी एक ते तीन बालकांना कायमचा श्रवणदोष आढळतो. अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या बाळांत हेच प्रमाण शंभरात दोन ते चार इतके सांगितले जाते. म्हणजे धोका दहापटीच्या आसपास.

कक्षातला आवाज कमी करण्यास फार पैसा लागत नाही. घंटा वाजताच ती बंद करून बाळाकडे पाहणे, झडप हाताने हलकेच लावणे, नळीत साचलेले पाणी काढून टाकणे, पेटीवर काहीही न ठेवणे, भ्रमणध्वनी मुका करणे. ही कामे सवयीची आहेत, खर्चाची नव्हेत. भेटीस येणाऱ्या गावकऱ्यांनीही खिडकीशी घोळका करून मोठ्याने बोलू नये. सरपंच स्वतः भेटीस गेले, म्हणजे बरोबर दहा माणसे जातात, हा सर्वांचाच अनुभव आहे.

आवाज कमी करणे म्हणजे बाळाला मुक्या खोलीत ठेवणे मात्र नव्हे. त्याला हवा आहे तो आईचा आवाज. बॉस्टन येथे ४० अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आईचा आवाज व तिच्या हृदयाचे ठोके ऐकवलेल्या बाळांच्या मेंदूतील श्रवणाचा भाग इतरांपेक्षा अधिक वाढलेला दिसला. तेथे हे आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवले होते. आपल्याकडे त्याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे. कोलंबियातील बोगोता शहरी डॉ. एडगर रे यांनी १९७८ साली पेट्यांच्या टंचाईतून सुरू केलेली ही कांगारू पद्धती. आईच्या उघड्या छातीशी बाळ उभे बांधायचे. बाळाला ऊब मिळते, श्वास सुधारतो, दूध पिणे सोपे होते, आणि कान थेट आईच्या हृदयावर येतो. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच ही पद्धती सुरू केली तेव्हा २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. बाळ पूर्ण स्थिरावण्याची वाट पाहावी लागत नाही, हा त्या चाचणीचा महत्त्वाचा निष्कर्ष होता.

छातीशी बाळ असताना आईने हळू आवाजात बोलावे, ओवी म्हणावी, घरची खबरबात सांगावी. काय बोलते यास महत्त्व नाही. पुष्कळदा ती संकोचते. शेजारी परक्या बायका, भोवती यंत्रे, आणि बाळ इतके लहान की ते ऐकत असेल यावर तिचा विश्वास बसत नाही. तिला कोणीतरी ‘बोल, ते ऐकते आहे’ असे सांगावे लागते. वडिलांनीही छातीशी बाळ घ्यावे. आपल्याकडील पुरुषांना ते रुचत नाही, पण डॉक्टरांनी हाती दिले की ते घेतात, असेच दिसून येते.

आता बाळ घरी येते. गाव समाधान मानतो, आणि खरी जबाबदारी येथूनच गावाकडे येते. श्रवणदोष दिसत नाही. बहिरे बाळदेखील पहिले काही महिने इतर बाळांसारखे हुंकार देते, हसते, रडते. त्यामुळे घरच्यांना संशय येत नाही. कोणी ताट वाजवून पाहते, कोणी मागून टाळी देते. बाळ दचकले की सर्वांची खात्री पटते. वास्तविक ते टाळीच्या वाऱ्याने, जमिनीच्या हादऱ्याने किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलेल्या हालचालीने दचकलेले असू शकते. शिवाय मोठा आवाज ऐकू येणे आणि बोलणे समजण्याइतके ऐकू येणे, या भिन्न गोष्टी आहेत. पुढे दीड-दोन वर्षे मूल बोलत नाही, तेव्हा ‘त्याचा बापही उशिरा बोलला होता’ असे म्हणून आणखी एक वर्ष जाते. भाषा शिकण्याचा सर्वांत सुपीक काळ असा पडीक राहतो.

यावर उपाय यंत्राने होणाऱ्या तपासणीचा. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या, म्हणजे ओएई तपासणीत, अंतर्कर्णातील केसपेशी प्रतिसाद देतात की नाही ते पाहिले जाते. दुसरी बेरा. हीत आवाजाचा संदेश मज्जातंतूतून मेंदूच्या मुळापर्यंत पोहोचतो का, हे कळते. विहिरीवरची मोटर चालू आहे हे पाहणे वेगळे आणि शेतात पाणी पोहोचले हे पाहणे वेगळे. मधला पाइप फुटला असेल, तर मोटर चालूनही पीक वाळते. तीव्र कावीळ झालेल्या किंवा श्वासासाठी दीर्घकाळ झगडलेल्या बाळांत असा मधला बिघाड होऊ शकतो. म्हणून पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळास केवळ ओएई पुरेशी नाही, बेरा हवी. ‘एक तपासणी झाली, पास आहे’ एवढे ऐकून घरी येणाऱ्या पालकांनी कोणती तपासणी झाली, हे विचारले पाहिजे.

वेळेचा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे : पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार. रुग्णालयातील मुक्काम लांबला, तर घरी सोडण्यापूर्वी पहिली तपासणी व्हावी. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत दोष ओळखला गेलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली आढळली. काही बाळांचा दोष उशिरा प्रकट होतो. म्हणून जोखमीच्या बाळाची पहिली तपासणी ठीक आली, तरी नऊ महिन्यांच्या आत ती पुन्हा करून घ्यावी.

तपासणीसाठी जायचे कोठे, हा प्रश्न येथील माणूस प्रथम विचारील. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येतात. दोष आढळल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणी होते. मेडशीला अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही दूर नाही. पाच वर्षांखालील पात्र बालकांसाठी केंद्र शासनाच्या दिव्यांग साहाय्य योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया होते, आणि त्या कामाचे समन्वयन मुंबईत वांद्रे येथील, १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था करते. मात्र शस्त्रक्रिया झाली की मूल बोलू लागते, असा गैरसमज नसावा. त्यानंतर महिनोन्‌महिने वाणी-प्रशिक्षण लागते, आणि तेथेच गरीब कुटुंबाची खरी कसोटी लागते. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी जाणे किती घरांना परवडेल, याचा विचार पंचायतीने करावा.

आशाताईंची पहिली भेटमालिका ४२ व्या दिवशी संपते. त्यानंतर २०१८ पासूनच्या कार्यक्रमानुसार तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात भेटी असतात. या भेटींत वजन व आहाराबरोबर कानाचीही विचारणा करता येईल. तीन-चार महिन्यांचे बाळ आईचा आवाज ऐकून शांत होते का? सहा-सात महिन्यांचे आवाजाच्या दिशेस वळते का? वर्षाचे झाल्यावर नावाला ओ देते का? येथे एक हिशेब जपावा लागतो. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचे वय जन्मतारखेपासून नव्हे, तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजूनच हे टप्पे पाहायचे असतात. तपासणीची वेळ मात्र जन्मतारखेवरूनच. आणि आजीबाईंना आदरपूर्वक सांगावे, की अशा बाळाच्या कानात तेल घालू नये. टाळूला लावले ते पुरे.

शिक्षकांचा संबंध सहा वर्षांनंतर येतो असे समजू नये. पण त्यांच्यापाशी येणारी मुले ही त्याच कक्षातून आलेली असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान नवजात कक्षातून घरी गेलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. असा दीर्घ अभ्यास आपल्या देशात विरळा. गट म्हणून ही मुले बौद्धिक चाचण्यांत इतरांच्या थोडी मागे राहिली, विशेषतः अतिशय कमी वजनाची. यावरून ‘हे मूल मंदच असणार’ असा अर्थ मात्र काढता येत नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणारे, श्रुतलेखनात शब्द गाळणारे, हाक दिली की शेजाऱ्याकडे पाहून उत्तर देणारे मूल दिसले, तर छडी किंवा शेरा यांपूर्वी त्याच्या जन्माची चौकशी करावी. कित्येकदा एका कानाने कमी ऐकणारे मूल दहावीपर्यंत ‘लक्ष नसलेले’ म्हणूनच ओळखले जाते.

पंचायतीच्या हाती एक गोष्ट तात्काळ आहे. नवजात शिशु कक्षातून घरी येणाऱ्या प्रत्येक बाळाला सुटीचा कागद मिळतो. तो बहुधा घडी करून पत्र्याच्या पेटीत जातो, आणि कुटुंब कामासाठी गाव सोडून गेले की त्याच्याबरोबरच जातो. गावातील अशा बाळांची एक वही अंगणवाडीत ठेवता येईल. तीत या गोष्टी असाव्यात : जन्म कितव्या आठवड्यात, वजन किती, सीपॅप किंवा कृत्रिम श्वसन किती दिवस, कावीळ झाली होती काय, जेंटामायसिन किती दिवस दिले, ओएई केव्हा, बेरा केव्हा, पुढची तारीख कोणती. मेडशीसारख्या गावात वर्षाला अशी थोडीच बाळे असतील. एक चाळीस पानी वही कित्येक वर्षे पुरेल. मासिक सभेत आशाताईंनी ती उघडून ‘बेरा’ या रकान्यात कोणाची जागा रिकामी आहे एवढेच वाचून दाखवावे, आणि त्या घरच्या माणसाला वाशीम किंवा अकोल्यास नेण्याची व्यवस्था कोण करणार, हे त्याच सभेत ठरवावे.